मागच्या तंबोऱ्याला दाद

बुवांच्या मैफलीचा फोटो तुम्ही पाहिला असेलच. नसेल तर कुठल्याही सभागृहाच्या व्हरांड्यात जा, एक तरी टांगलेला सापडेल. मधोमध बुवा, डोळे मिटलेले, एक हात वर, छताची जळमटं काढायला निघाल्यासारखा. एका बाजूला तबलजी, दुसऱ्या बाजूला पेटीवाले. बुवांच्या उजव्या खांद्यामागे त्यांचे चिरंजीव, अख्खे, हसऱ्या चेहऱ्याचे, तंबोऱ्यासकट. आणि डाव्या खांद्यामागे नुसता तंबोऱ्याचा दांडा, चार खुंट्या आणि एक कान. तो कान चष्मेवाल्यांचा.

पंचवीसेक वर्षांत फोटोग्राफर बदलले, कॅमेरे बदलले, बुवांचे केस काळ्याचे पांढरे झाले आणि पांढऱ्याचे पुन्हा काळे झाले. कान मात्र तोच राहिला. एकदा चुकून अर्धं कपाळही आलं होतं. तो फोटो चष्मेवाल्यांनी फ्रेम करून दुकानात लावला. त्यांची बायको येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला तो दाखवायची आणि म्हणायची, "हे कपाळ आमचं."

दुकान म्हणजे रस्त्यालगतची एक अरुंद खोली. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने फूटपाथवर थांबायचं. भिंतीवर मोठ्या अक्षरांपासून बारीक अक्षरांपर्यंत उतरत जाणारा तक्ता, त्याच्यासमोर एक उंच स्टूल, काचेच्या कपाटात फ्रेमांच्या रांगा, आणि गल्ल्यावर बायको. मागच्या खोलीत काचा घासायचं चाक होतं आणि त्याच्या शेजारी, भिंतीला टेकून, गवसणी घातलेला तंबोरा. राहायचं वरच्या मजल्यावर. रोज सकाळी शटर उघडायच्या आधी चष्मेवाले मागच्या खोलीत तंबोरा लावत बसायचे आणि बायको पुढे कपाटाच्या काचा पुसायची. एवढा त्यांचा संसार. लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली होती आणि फोनवर पहिला प्रश्न विचारायची, "बाबा, या वेळी कान आला की नाही फोटोत?"

तरुणपणी चष्मेवाले बुवांकडे गाणं शिकायला गेले होते, हे आता कुणाला खरं वाटणार नाही. पहिल्या दिवशी बुवांनी सूर लावायला सांगितला. यांनी लावला. बुवा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले आणि मग म्हणाले, "कान चांगला आहे हो तुमचा." गळ्याबद्दल अवाक्षर नाही. शहाण्याला शब्दाचा मार! चष्मेवाले तंबोरा उचलून मागे जाऊन बसले, ते बसलेच.

आता तंबोरा म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना वाटतं, त्यात काय मोठंसं? चार तारा, एकामागून एक छेडायच्या, चौथी झाली की पुन्हा पहिली. गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत एवढंच. खरंच एवढंच. गाणाऱ्याला पाय टेकायला जमीन लागते, ती तंबोरा देतो, आणि जमिनीला आजवर कुणी हार घातलेला नाही. पण तो एकदा लावायला घ्या म्हणजे ब्रह्मांड आठवेल. तारा ज्या घोडीवरून जातात तिच्यावर, प्रत्येक तारेखाली, सुताचा एक धागा सरकवायचा असतो. केसभर इकडे झाला की तार मुकी. केसभर तिकडे झाला की डबा वाजल्यासारखी. नेमकी जागा सापडली की तार अशी बोलायला लागते की छेडून झाल्यावरही तिचं बोलणं संपत नाही. ती जागा रोज वेगळी. हवा बदलली, दिवे लागले, शेजारी कुणी जाडजूड माणूस येऊन बसला तरी ती सरकते.

ही जागा शोधण्यात चष्मेवाल्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मैफलीआधी सभागृहाच्या मागच्या खोलीत तबलजी चहा पीत पेटीवाल्यांची निंदा करायचे, पेटीवाले चहा पीत तबलजींची, आणि हे कोपऱ्यात तंबोऱ्याच्या भोपळ्याला कान लावून बसायचे. मग बुवा यायचे. एक पाय खोलीत, एक पाय बाहेर, घटकाभर ऐकायचे आणि म्हणायचे, "हं."

झालं. पंचवीस वर्षं "हं".

बुवा दाद द्यायला कंजूष होते म्हणावं, तर तसंही नाही. मैफलीत त्यांच्याइतका उदार माणूस नाही. तबलजींनी चांगला तुकडा वाजवला की "क्या बात!" पेटीवाल्यांनी सूर पकडला की "वा, राजे!" पाण्याचा पेला आणून देणाऱ्याला "जियो!" एकदा सभागृहातला एसी घरघर करता करता बंद पडला, तर बुवांनी त्यालासुद्धा "आहा!" म्हटलं होतं. चष्मेवाले तेव्हा त्या एसीकडे ज्या नजरेने बघत होते, ती नजर मत्सराची होती. होय, मत्सराचीच. माणूस एवढा भला, पण त्याला त्या एका "वा"ची भूक लागली होती आणि ती वयाबरोबर वाढत चालली होती.

"लोकांना पैशाची हाव असते," बायको म्हणायची, "आमच्या यांना 'वा'ची. अहो, त्यापेक्षा कुत्रं पाळा. रोज शेपटी तरी हलवेल."

"तुला नाही कळायचं," चष्मेवाले म्हणायचे. "मागून साथ करणाऱ्याला बुवा एकदा 'वा' म्हणाले ना, की आयुष्याचं..."

"आयुष्याचं राहू द्या. त्या काकूंच्या चष्म्याची दांडी केव्हा बसवताय?"

मधल्या काळात कुणा चाहत्याने बुवांना तंबोऱ्याचं यंत्र भेट दिलं. पावाच्या लादीएवढा डबा. कळ फिरवली की हवा तो सूर लागतो, उतरत नाही, चढत नाही, चहा मागत नाही. बुवांनी त्यावर मुलाखती दिल्या. "यंत्राला प्राण नसतो," ते म्हणाले. "तंबोरा माणसाच्या बोटातून बोलतो. ज्या दिवशी मी यंत्रावर गाईन त्या दिवशी गाणं सोडीन." मुलाखत छापून आली, चष्मेवाल्यांनी कापून ठेवली. आणि पुढच्या मैफलीपासून तो डबा दोन तंबोऱ्यांच्या मध्ये, भरतकामाचा रुमाल पांघरून, येऊन बसायला लागला. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. चष्मेवाल्यांनी मनाची समजूत घातली की असू दे, आधाराला असतो, उद्या तार तुटली तर?

बुवांच्या पंच्याहत्तरीची मैफल ठरली. सकाळची होती. मोठं सभागृह, पुष्पगुच्छ, भाषणं, सगळा थाट. पहिल्या चार रांगा देणगीदारांच्या, पुढच्या दोन भाषणं करणाऱ्यांच्या, त्यापुढच्या भाषण करायला न मिळालेल्यांच्या. चष्मेवाल्यांच्या बायकोला पास मिळाला तो "कलाकारांचे नातेवाईक" म्हणून. म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या पायऱ्यांशी टाकलेली एक प्लॅस्टिकची खुर्ची. तिथून बुवा दिसत नव्हते. नवरा मात्र हाताच्या अंतरावर दिसत होता.

चष्मेवाले नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी हजर. तंबोरा लावून झाला, रंगमंचावर जाऊन बसले, आणि समोरच्या माईकमधून आवाज कसा येतो ते पाहावं म्हणून माईकवाल्याला हाक मारली. गळ्यात हेडफोन अडकवलेला, दातात काडी धरलेला गडी. नवा होता.

"जरा माझी पहिली तार कमी कर रे. फार पुढे येतेय."

"कुठली तार, काका?"

"ही. ऐक." चष्मेवाल्यांनी छेडली.

"ती येतच नाही की. तुमचा माईक जोडलेला नाही."

"मग जोड ना बाबा!"

माईकवाल्याने दातातली काडी काढली. "तो जोडायचा नसतो, काका. आधीच्या माईकवाल्याने मला सांगून ठेवलंय. तंबोऱ्यापुढचे दोन्ही माईक दिसायला ठेवायचे. वायर घ्यायची डब्याची. बुवांच्या चिरंजीवांनी पहिल्यापासून तसंच सांगितलंय म्हणे."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"डबा आल्यापासून असेल. मला काय माहीत? बघा ना तुम्हीच."

चष्मेवाल्यांनी माईकची वायर हातात धरली आणि तिच्यामागे निघाले. वायर गालिच्याखालून गेली, पडद्यामागे गेली आणि तिथे गुंडाळी होऊन, टोक वर करून, निवांत पडली होती. कुठेच गेली नव्हती. इतकी वर्षं हे ज्या माईकपुढे पाठ ताठ करून बसत होते, ज्याच्यासाठी नखं कापून यायचे, तो कुलूप नसलेल्या दाराची किल्ली होता.  रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून त्यांनी उगाच चष्मा पुसला.

पण माणसाचं मन मोठं चिवट. लोकांना नसेल ऐकू येत, त्यांनी स्वतःला सांगितलं, पण बुवांना तर येतो! बुवा पुढ्यातच बसतात. माईक लोकांसाठी असतो, तंबोरा गाणाऱ्यासाठी. लोक काय, लोक बिस्किटाच्या पुड्याही वाजवतात. बुवांच्या कानात आपला सूर जातो ना? मग पावलं. आणि लगेच दुसरं मन म्हणालं, जातो कशावरून? बुवांच्या पुढ्यात तर त्यांच्यासाठी ठेवलेला स्पीकर होता, आणि त्यातून येत होता डबा.

एवढ्या एका शंकेने त्या भल्या गृहस्थाचं डोकं फिरलं. आणि त्यांनी ठरवलं ते असं, की सांगायलाही लाज वाटावी. वाजवायचं थांबवून बघायचं.

मैफल सुरू झाली. भाषणं इतकी झाली होती की सकाळचा राग दुपारकडे झुकला होता. बुवांनी षड्ज लावला, सभागृह शांत झालं. चष्मेवाले मन लावून छेडत होते, पण त्यांचं सगळं ध्यान बुवांच्या मानेवर होतं. बुवा संथपणे वर चढायला लागले आणि यांनी बोट तारेपासून केसभर वर उचललं. बोट हलतंय, तालात हलतंय, तारेला लागत मात्र नाही.  आता बुवा वळणार! आता डोळे वटारणार! "झोपलात काय?" म्हणून सगळ्यांदेखत झाडणार! देवा, झाडू दे, असं ते मनात म्हणत होते. बोलणी खायला इतका आसुसलेला माणूस त्या सभागृहाने पाहिला नसेल.

मान वळली नाही.

चष्मेवाले वाजवताना एरवी डोळे मिटून घ्यायचे. आज ते सारखे उघडे होते, म्हणून त्यांना शेजारचा दुसरा तंबोराही दिसला. चिरंजीवांचं बोट मोठ्या डौलात फिरत होतं. तारेपासून चांगलं बोटभर लांब. भोपळ्याच्या आडोशाला मोबाइल ठेवून ते सोफासेट बघत होते. यांची नजर लागली तशी चिरंजीवांनी मान वर केली, यांच्या बोटाकडे पाहिलं, आणि गालातल्या गालात हसून एक डोळा मिचकावला. 'आलात का एकदाचे शहाणे होऊन,' असा त्याचा अर्थ होता.

आणि मग बुवा थांबले. वरच्या सुरावर बराच वेळ राहून, टाळ्या घेऊन, घाम पुसून, ते थांबले आणि अख्खे मागे वळले.

"वा!" बुवा म्हणाले. "वा, चष्मेवाले, वा!"

चष्मेवाल्यांचं बोट हवेत.

बुवा लोकांकडे वळले. आवाज भरून आला होता. "मंडळी, तुम्हाला वाटेल आज माझा गळा लागलाय. साफ चूक. आज तंबोरा लागलाय! हा माणूस उभा जन्म माझ्यामागे बसलाय, पण आजच्यासारखा तंबोरा मी माझ्या गुरूंच्या वेळीही ऐकला नाही. सांगा, यंत्राला जमेल हे?" टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटोग्राफर धावत पायऱ्या चढून आला आणि त्याने चष्मेवाल्यांचा फोटो काढला. कान, कपाळ, नाक, दोन्ही डोळे. अख्खा माणूस.

चष्मेवाल्यांना लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्या लाजेच्या तळाशी कुठेतरी, नको म्हणताना, थोडा आनंदही झाला. मग त्या आनंदाचीच जास्त लाज वाटली. निदान आता तरी इमानाने वाजवू, फुकटची दाद फेडू, म्हणून त्यांनी बोट खाली आणलं आणि तारा छेडल्या. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. पुन्हा पहिली.

बुवांनी कपाळाला आठी घालून किंचित मान वळवली. "काय गडबड केलीत?" ते दबक्या आवाजात म्हणाले. "मघाशी होता तस्साच ठेवा."

चष्मेवाल्यांनी बोट उचललं. शेवटपर्यंत मग ते तारेला लागलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर त्यांच्याभोवती ही गर्दी! ज्यांनी आजवर "जरा सरकता का, बुवांसोबत फोटो घ्यायचाय" यापलीकडे शब्द टाकला नव्हता, ते हात हातात घेत होते. एक देणगीदार म्हणाले, "डोळ्यांत पाणी आणलंत हो." गाण्याच्या क्लासच्या एक बाई विचारायला लागल्या की हे वळण कुठल्या घराण्याचं. एक समीक्षक हळूच म्हणाले, "आज तुमच्या तंबोऱ्यात एक विलक्षण शांतता होती." समीक्षक कधी कधी खरं बोलून जातात, त्यांना ते ठाऊक नसतं इतकंच. शेवटी चिरंजीव आले, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "बाबा एकदम खूश. आता यापुढे असंच ठेवा, काका. तुमचंही बोट दुखायचं नाही."

"बरं," चष्मेवाले म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दोघं घरी निघाली. नेहमी रस्ताभर तोंडाचा पट्टा चालवणारी बाई गप्प होती. दुकानाचं शटर तिने अर्धं वर केलं, दोघं वाकून आत आली. चष्मेवाल्यांनी तंबोरा कपाटाला टेकवला आणि स्वतः गिऱ्हाइकाच्या उंच स्टुलावर बसले. समोर अक्षरांचा तक्ता.

बायकोने पर्स गल्ल्यावर ठेवली आणि विचारलं, "मधेच थांबलात का हो?"

"कुठे?"

"कुठे काय! बुवा वर चढायला लागले तिथे. तेव्हापासून तुमचा बंद. मग त्यांनी तुम्हाला डोक्यावर घेतलं, त्यानंतर एकदा-दोनदा वाजला, की पुन्हा बंद. बोट तेवढं फिरतंय! मला वाटलं, यांना चक्करबिक्कर येतेय की काय. उठून येणार होते, पण स्टेजवर कुठे कडमडायचं, म्हणून बसले जीव मुठीत धरून."

चष्मेवाल्यांनी विचारलं, "तुला ऐकू येत होता?"

"न यायला काय झालं? पायऱ्यांशी तर बसले होते. आणि नसते बसले तरी कळलं असतं. रोज सकाळी तुमचं मागे चालू असतं आणि माझं इथे पुसणं. तुम्ही थांबलात की माझा हात थांबतो. झालं काय पण?"

मग चष्मेवाल्यांनी सगळं सांगितलं. माईक, वायर, डबा, सोफासेट, "मघाशी होता तस्साच ठेवा", सगळं.  बायको ऐकता ऐकता लाल झाली. "मेल्यांना लाज नाही वाटत?" ती म्हणाली. "तोंडात देव आणि पोटात डबा! आणि तुम्ही कशाला हवेत बोटं नाचवत बसलात? त्यांनी खोटं करावं आणि तुम्ही त्यांच्या पंगतीला बसावं? मला नाही आवडलं हे. मुळीच नाही आवडलं."

ती इतक्या मनापासून रागावली होती की चष्मेवाल्यांना बरं वाटलं. सकाळपासून ज्याची वाट बघत होते ते झाडणं अखेर मिळालं. मग त्यांनी चाचरत विचारलं, "आणि... थांबायच्या आधी? तेव्हा कसा होता?"

 "खरं सांगू?"

"सांग."

"मधल्या दोघींतली एक उतरली होती. मागची. मला वाटलं आत्ता नीट कराल, मग नीट कराल. तुमचं लक्षच नव्हतं."

चष्मेवाल्यांनी उठून गवसणी काढली, तंबोरा मांडीवर घेतला आणि मधल्या दोन तारा छेडल्या. उतरली होती. रंगमंचावरच्या दिव्यांनी उतरवली असणार, अगदी रतीभर, पण उतरली होती. आणि त्यांना स्वतःला पत्ता नव्हता! ज्या कानाच्या जोरावर आयुष्य काढलं, तो कान आज बुवांची मान वळते का ते बघत बसला होता.

तार केसभर चढवायला ते तिच्या टोकाशी ओवलेला मणी हळूहळू सरकवायला लागले. बायकोने सवयीने फडकं घेतलं आणि काच पुसायला लागली.

"अजून," ती पाठमोरी म्हणाली.

त्यांनी आणखी सरकवला.

"अजून थोडी... फार झालं, मागे घ्या... हां. आता बसली."

आता चारही तारा बोलत होत्या. एवढ्याशा दुकानात सूर मावेना. चष्मेवाल्यांचे डोळे भरून आले. ही बाई इतकी वर्षं होती कुठे? असणार कुठे, गल्ल्यावर होती! तोंड भलतीकडे करून बसले होते ते चष्मेवालेच.

"रडताय काय? वाजवा," बायको म्हणाली. "आणि आधी ते शटर नीट वर करा, बाहेर गिऱ्हाईक उभं आहे."